गाणे आणि गाणे

नियतकालिकाच्या संपादकांनी ह्या वर्षी मला सापडवून लेख मागितला तेव्हा मी निवृत्त होऊन बारा वर्षे झाली आहेत, मला आता काही सुचत नाही, अशी सबब पुढे केली. ते म्हणाले, ‘सर, जेरंडवर लिहा.’ त्यांच्या वर्गाला मी हा विषय शिकवला होता आणि तो त्यांना समजला नव्हता, हे त्यांच्या हसण्यावरून कळत होते. सबब चालली नाही. तेव्हा मित्रहो, हा लेख जेरंडवर आहे. पाने उलटून पुढच्या कवितेकडे जाण्याची ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल जावे. मी वाईट वाटून घेणार नाही; छत्तीस वर्षे मी मागच्या बाकांना हीच मुभा देत आलो आहे.

इंग्रजीशी माझी ओळख शाळेत झाली असली तरी मैत्री झाली ती देवासला, आजोळी. माझे मामा तेथे एका शाळेत इंग्रजी शिकवीत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे पुणे–मुंबई–इंदूर असा प्रवास करून, डोळ्यांत इंजिनाचा कोळसा घेऊन देवासला उतरत असू. सकाळी पोहे आणि जिलेबी खावी, दुपारी मामींच्या हिंदी मिसळलेल्या मराठीची नक्कल करून त्यांच्या शिव्या खाव्यात आणि संध्याकाळी मामांबरोबर माताजीच्या टेकडीवर जावे, असा दिनक्रम असे. मात्र चहानंतरचा एक तास मामांचा. ओसरीवर सतरंजी, समोर पाटी, आणि मामांच्या कानावर तांबडी पेन्सिल. पेन्सिल कानावरून हातात आली की आमच्या पोटात गोळा येई.

नाम आणि जेरंड ह्यांतला फरक त्यांनी मला ज्या दाखल्याने समजावला तो देवासच्याच माणसाला सुचावा असा होता. देवासला दोन गाद्या होत्या हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंची ही दोन घराणी. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, कारभार दोन. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या तेव्हा कुठे गाव एका कारभाराखाली आले. मामा म्हणत, ‘बाळ, क्रिया ही अशी देवास आहे. थोरली पाती म्हणजे नाम : अरायव्हल, रिफ्यूजल, डेथ. धाकटी पाती म्हणजे जेरंड : अरायव्हिंग, रिफ्यूजिंग, डाइंग. दोघांचे कूळ एक. पण एकाच्या हद्दीत दुसऱ्याचा शिपाई चालत नाही.’

ह्या हद्दी कशा ओळखायच्या तेही ते सांगत. ‘पत्राचे काळजीपूर्वक वाचन’ म्हण, आणि ‘पत्र काळजीपूर्वक वाचणे’ म्हण. पहिल्यात पत्राला ‘चे’ लावावा लागला, दुसऱ्यात पत्र नुसतेच कर्म होऊन बसले. इंग्रजीतही तेच : ‘द केअरफुल रीडिंग ऑफ द लेटर’ आणि ‘रीडिंग द लेटर केअरफुली’. जिथे मागे ‘द’ आणि पुढे ‘ऑफ’ आहे, विशेषण चालते आहे, तिथे ‘रीडिंग’ हे थोरल्या पातीत गेलेले, पुरते नाम झालेले. जिथे ते स्वतः कर्म घेते आणि क्रियाविशेषणाला जवळ करते तिथे त्याच्या अंगात अजून क्रियापदाचे रक्त आहे. इतके सोपे आहे. मी पुढे बी. ए.ला आणि एम. ए.ला जे जाड ग्रंथ वाचले त्यांत ह्याहून अधिक कामाचे मला फार थोडे आढळले.

(मामांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. ई. एम. फॉर्स्टर हे 1921 साली काही महिने थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिले होते आणि पुढे 1953 साली त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक ह्याच गावावर लिहिले. आजोबांनी त्यांना बाजारात पाहिले होते, असे मामा सांगत. आजोबांनी त्या वेळी कोणाकोणाला पाहिले होते ह्याची यादी दर सुटीत वाढत असे, म्हणून ह्या साक्षीवर मी फार भर देत नाही.)

एका सुटीत मामा मला धारला घेऊन गेले. इंदूरवरून बस, आणि वाटेत इतकी धूळ की धार येईपर्यंत आम्ही दोघे एकाच रंगाचे झालो होतो. धारही पवारांचेच संस्थान. पण मामांना पाहायचा होता तो त्याच्याही आधीचा, परमारांचा काळ. अकराव्या शतकातला भोज राजा हा कवींचा आश्रयदाता म्हणून आपल्याला गोष्टींतून माहीत असतो. तो स्वतः वैय्याकरण होता, ‘सरस्वतीकण्ठाभरण’ नावाचे संस्कृतचे मोठे व्याकरण त्याच्या नावावर आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. भोजशाळा–कमाल मौला परिसरात मामांनी मला दगडावर कोरलेला नाग दाखवला. सर्पबंध म्हणतात त्याला. नागाच्या वेटोळ्यांनी जी घरे पडतात त्यांत अक्षरे भरलेली. कुठे वर्णमाला, कुठे प्रत्यय. म्हणजे आमच्या पाठांतराचीच तालिका, पण दगडात. उदयादित्य आणि नरवर्मा ह्या, भोजानंतरच्या, परमार राजांची नावेही त्या लेखांत येतात. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. रामः रामौ रामाः आणि गच्छति गच्छतः गच्छन्ति ह्यांनी माझा छळ आरंभला होता. हा छळ इतका जुना आहे आणि राजे लोक तो दगडावर कोरून ठेवीत, हे पाहून मला जो धक्का बसला तो अजून आठवतो.

परतताना बसमध्ये मी मामांना विचारले, ‘नागाच्या अंगावर जेरंड आहे का?’ मामा बराच वेळ हसले. मग म्हणाले, ‘त्याचे एक गंमतीचे आहे.’ आणि त्यांनी जे सांगितले त्याने माझा गोंधळ पुढे कित्येक वर्षे टिकला. व्हिटनीसारख्या पाश्चात्य पंडितांनी संस्कृतची व्याकरणे लिहिताना (व्हिटनीचे 1879 चे आहे) ‘गत्वा’, ‘कृत्वा’ ह्या रूपांना जेरंड म्हटले. म्हणजे संस्कृतच्या तासाला जेरंड म्हणजे ‘जाऊन’, आणि इंग्रजीच्या तासाला जेरंड म्हणजे ‘जाणे’. एकाच शब्दाने आपल्या मुलांना दोन तासांना दोन वेगवेगळ्या घरी पाठवायचे, आणि मग मुले चुकली की छड्या मारायच्या! ज्यांचे संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही कच्चे राहिले त्यांतल्या निदान काहींचा दोष ह्या नावाकडे जातो, असे माझे मत आहे.

असो. आता जे सांगायचे आहे त्याकडे वळतो. आतापर्यंत ते टाळत होतो हे चाणाक्ष वाचकांनी ओळखले असेल.

1978 साली मी अधिव्याख्याता झालो. वय चोवीस. नवीन मुल्ला बांग जोरात देतो. माझी बांग तांबड्या शाईची होती. मामांची पेन्सिल गेली आणि माझ्या खिशात तांबडे पेन आले. निबंध, उत्तरपत्रिका तर सोडाच, पण मुलांच्या रजेच्या अर्जांतसुद्धा मी चुका दुरुस्त करीत असे आणि मगच सही करीत असे. मुले हसत, मला वाटे आदराने हसतात.

दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, बी. ए.च्या पहिल्या वर्गातला एक मुलगा अर्ज घेऊन आला. खेड्यातला, घरी कन्नड, वर्गात अबोल. वसतिगृहात राहत असे. अर्जात त्याने लिहिले होते की ‘माय फादर्स डाइंग’ ह्या कारणास्तव मला गावी जाण्यास रजा मिळावी. मी ‘डाइंग’वर तांबडी रेघ ओढली, वर ‘डेथ’ लिहिले, आणि सही केली. त्याला एवढेही सांगितले की, जिथे तयार नाम आहे तिथे जेरंड वापरू नये. ‘अरायव्हल’ असताना ‘अरायव्हिंग’ लिहू नये, तसेच हे. हे सांगताना माझा आवाज मृदू होता. मला वाटले, मी सांत्वन आणि अध्यापन दोन्ही एकदम करतो आहे.

मुलगा काही बोलला नाही. त्याने अर्जाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तो गेला. कार्यालयात रजेच्या वहीत ‘वडिलांचा मृत्यू’ अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी माझ्याच सूचनेवरून वर्गाने उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळली.

तो तीन आठवड्यांनी परतला. मी त्याला बोलावून दोन शब्द बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, ‘सर, मुलांनी सांगितलं, तुम्ही मौन पाळलंत म्हणून. त्या दिवशी मी त्यांना गंजी भरवत होतो. चमच्यानं.’ वडील त्यानंतर पंधरा-सोळा दिवस होते. शेवटचे काही दिवस त्यांनी मुलाला ओळखले, काही देणीघेणी सांगितली, बैल कोणाला द्यायचा ते सांगितले. मग गेले.

तक्रारीचा सूर त्याच्या आवाजात नव्हता. असता तर बरे झाले असते.

माझ्या बचावासाठी मी तेव्हा स्वतःला बरेच काही सांगितले. त्या काळी तारांत ‘फादर सीरियस’ असे आले म्हणजे घरचे माणूस गेलेच असे समजण्याची रीत होती. पोरगा प्रवासात खचू नये म्हणून खरे लिहीत नसत. मी त्याचे ‘डाइंग’ तसेच वाचले असेन. पण हे खोटे होते. मी ते वाचलेच नव्हते. मी त्यातले व्याकरण फक्त पाहिले होते. एका मुलाने सांगितले की माझा बाप मरतो आहे, आणि मी त्याचा बाप तांबड्या शाईने मारून टाकला, वर नियम सांगितला.

आणि नियमही चुकीचा! म्हणजे नियम बरोबर, पण लावला चुकीच्या जागी. तयार नाम असताना जेरंड टाळावे हे खरे, परंतु दोघांचा अर्थ एक असेल तरच. ‘वुई अवेट युअर अरायव्हल’ येथे येऊन पोचणे ह्या घटनेशी काम आहे, म्हणून नाम. नाम हे मिटलेले दार आहे. जेरंडमध्ये दार अजून लोटायचे असते. त्या मुलाला दार लोटलेले नाही हेच सांगायचे होते. त्याचा ‘ड्यू टू’ थोडा ओबडधोबड होता, इतकेच. ‘माय फादर इज डाइंग’ असे सरळ वाक्य करून दिले असते तर अर्ज शुद्ध झाला असता आणि खराही राहिला असता.

मला नंतर आणखी एक गोष्ट कळली, आमच्या कन्नड विभागातल्या एका सहकाऱ्याकडून. कन्नडमध्ये मृत्यूला ‘सावु’ म्हणतात आणि मरण्याच्या क्रियेला ‘सायुवुदु’. दोन वेगळे शब्द, दोन्ही रोजच्या वापरातले. त्या मुलाने मनात ‘सायुवुदु’ म्हटले आणि त्याला इंग्रजीत नेमका जोड शब्द शोधला. वर्गात त्या दिवशी जेरंड ज्याला पुरता समजला होता असा तो एकटाच होता. अध्यापकासकट.

पुढच्या उन्हाळ्यात, 1980 साली, मी देवासला गेलो. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. टेकडीच्या पायऱ्या चढता चढता मी त्यांना हे सगळे सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. अर्ध्या वाटेवर दम खायला बसले, खाली गावाकडे बघत राहिले. मग विचारले, ‘गाणे ह्याचे इंग्रजी काय?’

‘साँग,’ मी म्हणालो. मग, ‘किंवा सिंगिंग.’

‘हं. मग ह्याचे इंग्रजी कर : पाच वर्षे त्यांच्याजवळ गाणे होते आणि गाणे नव्हते.’

ते कोणाविषयी बोलत होते हे देवासमध्ये बसलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. कुमार गंधर्वांचे घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी. आपल्या वाचकांना, विशेषतः कन्नड विभागाच्या वाचकांना, हे सांगायला हवे की शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हा मुलगा 1924 साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, सुळेभावीला जन्मला. लहानपणीच त्याच्या गाण्याने लोकांना थक्क केले, कुमार गंधर्व हे नाव मिळाले, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले. आणि विशीत, कीर्ती पसरत असताना, क्षयाने गाठले. हवा मानवेल म्हणून 1948 साली ते देवासला आले. फुफ्फुस कामातून गेलेले, गाण्याची मनाई. सुमारे पाच वर्षे ते गायले नाहीत.

मामा तेव्हा तरुण शिक्षक होते. गावाला ठाऊक होते की एक मोठा गवई आजारी होऊन येथे राहतो आहे आणि गात नाही. लोक हळहळत, ‘गाणे संपले’ म्हणत. मामा म्हणाले, ‘आम्हीसुद्धा म्हणत होतो. तुझ्यासारखेच. डाइंग खोडून डेथ.’ पण अंथरुणावर पडलेल्या त्या माणसाच्या कानांवर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत होती. लग्नाची, सणांची, पावसाची. तो ती ऐकत होता, मनात साठवत होता, त्यांतले राग उलगडत होता. स्ट्रेप्टोमायसिन आले, प्रकृती सुधारली, आणि 1950 नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा गळ्याची ताकद पूर्वीची नव्हती, पण गाणे वेगळेच झाले होते. लांब दमाच्या ऐवजी लहान, धारदार फेका. आणि लोकधुनांतून उगवलेले नवे राग. 1965 साली त्यांचे ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाले त्यात हे साठवलेले सापडते.

‘साँग्ज ही हॅड, सिंगिंग ही हॅड नॉट,’ मी भाषांतर केले. मामा म्हणाले, ‘पास. पण काठावर. आणि ही स्टॉप्ड सिंगिंग आणि ही स्टॉप्ड टू सिंग ह्यांतला फरक?’ पहिल्याचा अर्थ गाणे थांबवले. दुसऱ्याचा, गाण्यासाठी थांबला. आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. देवासला आलेल्या त्या माणसाला दोन्ही वाक्ये लागू पडत होती.

त्यानंतर मी जेरंड शिकवण्याची पद्धत बदलली. पुस्तकातली व्याख्या शेवटी, आधी घरचे शब्द. मराठीत ‘णे’कारान्त रूप म्हणजे क्रिया, हे मुले पटकन सांगतात. मग मी विचारतो, ‘देणे म्हणजे काय?’ कोणी म्हणतो ‘टू गिव्ह’, कोणी म्हणतो ‘कर्ज’. दोन्ही बरोबर. ‘दुखणे’ ही क्रिया, आणि ‘दुखणे’ हा आजार. ‘लेणे’ ही अंगावर घालण्याची क्रिया, आणि ‘लेणे’ हा दागिना. हे सगळे धाकट्या पातीतून थोरल्या पातीत दत्तक गेलेले शब्द. इंग्रजीतही बिल्डिंग, पेंटिंग, मीटिंग असेच गेले. दत्तक गेला की नाही हे ओळखायची खूण दोन्ही भाषांत एकच : अनेकवचन करून पाहावे. ‘दहा गाणी’ झाली म्हणजे साँग. ‘त्याचे ते तन्मय होऊन गाणे’ ह्याचे अनेकवचन करा पाहू. होत नाही. ‘पेंटिंग्ज’ विकत घेता येतात. ‘भिंत रंगवणे’ ह्या अर्थाचे पेंटिंग एकामागून एक मांडून ठेवता येत नाही. कन्नड मुलांचे काम आणखी सोपे. त्यांचे गाणे ‘हाडु’ आणि गाण्याची क्रिया ‘हाडुवुदु’. मराठी मुले जिथे अडखळतात तिथे ती हात वर करून बसलेली असतात. एका वर्गात दोन भाषा असण्याचा असा फायदा इतर महाविद्यालयांना मिळत नाही, आणि आपणही तो क्वचितच घेतो.

अर्ज मात्र मी पुन्हा कधी दुरुस्त केले नाहीत. वाचून, विचारून सही करीत गेलो. त्यामुळे आपल्या कार्यालयाच्या जुन्या फायलींत भयंकर इंग्रजी सापडेल. ते माझ्या सहीनिशी आहे.

1991 साली देवासहून मला तार आली : मामा सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. तार करणाऱ्याने नामही टाळले होते आणि जेरंडही. मला रीत ठाऊक होती. तरी दोन दिवसांच्या प्रवासात मी त्या शब्दाला धरून बसलो होतो. पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. मामींनी सांगितले, तार करण्यापूर्वीच.

त्यांच्या टेबलावर माझे शेवटचे पोस्टकार्ड होते. माझी पत्रे तपासून परत पाठवण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नव्हती. तेरा वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने घाईत लिहिले होते, ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू सी यू.’ त्यातल्या ‘सी’वर तांबड्या पेन्सिलची रेघ होती आणि वर, किंचित थरथरलेल्या अक्षरात, ‘सीइंग’. परत पाठवायचे राहून गेले होते.